कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट: तुलना कशी करावी

वाचक मंडळात कादंबरीवरच्या चित्रपटाची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा "पुस्तकच बरे होते" या वाक्यापाशी येऊन थांबते. हे मत झाले, तुलना अजून सुरूच झालेली नसते. काय गाळले याची यादी कुणीही करू शकतो. गाळल्यामुळे, हलवल्यामुळे किंवा नव्याने घातल्यामुळे उरलेल्या गोष्टीचा अर्थ कुठे सरकला आणि तसे का करावे लागले, हे दाखवता आले पाहिजे. त्यासाठी पद्धत लागते. एका जोडीला साधारण दोन आठवडे दिले तर ती नीट पार पडते.

पहिली जोडी लहान घ्या. दीडशे ते अडीचशे पानांची, एकाच लेखकाची, एकाच चित्रपटात उतरलेली कादंबरी सरावाला उत्तम. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) आणि अमोल पालेकरांचा त्याच नावाचा चित्रपट (1995) ही जोडी नवशिक्याला फार शिकवते. 'सिंहासन' (1979) मात्र सुरुवातीलाच घेऊ नका. त्यात अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक प्रसंगाचे मूळ दोन पुस्तकांत शोधावे लागते. गोव्यातल्या मंडळांनी कधीतरी लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा 'पलतडचो मनिस' (2009) जरूर घ्यावा. तो महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' या कादंबरीवर बेतलेला आहे आणि चित्रपटाची कोंकणी इथल्या प्रेक्षकाला उपशीर्षकांशिवाय कळते, हा मोठा फायदा.

पुस्तक मिळवताना आवृत्ती पाहा. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली प्रत आणि घरातली जुनी प्रत यांचे पृष्ठांक जुळतीलच असे नाही. मंडळात पाचजण पाच आवृत्त्या घेऊन बसले की अर्धा वेळ पान शोधण्यात जातो. सगळ्यांना एकच आवृत्ती मिळत नसेल तर पृष्ठांक सोडून प्रकरण आणि परिच्छेद मोजा: "प्रकरण 6, परिच्छेद 4" असे.

आधी पुस्तक वाचा आणि चित्रपट लावण्यापूर्वी एक पान लिहून काढा. त्यात चार गोष्टी हव्यात: गोष्ट कोण सांगतो, ती किती काळात घडते, काढून टाकले तर कादंबरी कोसळेल असे आठ-दहा प्रसंग, आणि शेवट, दोन वाक्यांत. हे पान टाळू नका. चित्रपट पाहिला की नटाचा चेहरा पात्राला चिकटतो आणि पडद्यावरचे प्रसंग आपण पुस्तकातच वाचले होते असे वाटू लागते. तुलनेतल्या चुकांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. फक्त चित्रपटात असलेला प्रसंग लोक छातीठोकपणे लेखकाच्या नावावर टाकतात. तारीख घालून आधी लिहिलेले पान हाताशी असले की हा घोळ होत नाही.

चित्रपट दोनदा पाहावा लागतो. पहिल्यांदा न थांबता, वही मिटून. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत, प्रसंगांची नोंद करत. दोन तासांच्या चित्रपटाला या दुसऱ्या फेरीत चार-पाच तास लागतात, म्हणून ती दोन बैठकांत करा. वहीत पाच रकाने आखा: वेळ, स्थळ, कोण आहे, काय घडते, पुस्तकातले पान. शेवटी एक अक्षर लिहायचे: 'त' म्हणजे तसाच, 'ब' म्हणजे बदललेला, 'ह' म्हणजे जागा हललेला, 'ज' म्हणजे दोन प्रसंग किंवा दोन पात्रे जोडलेली, 'न' म्हणजे नवा. गाळलेले प्रसंग या नोंदीत येणारच नाहीत. ते आधी लिहिलेल्या पानावरून वेगळे काढा.

नोंद सुरू करण्याआधी प्रत पूर्ण आहे का ते तपासा. सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी दिलेली असते. ती आणि प्लेअरवरची एकूण वेळ ताडून पाहा. 120 मिनिटांचा चित्रपट 115 मिनिटांत संपत असेल तर घाबरू नका. सेकंदाला 24 चौकटींचा (फ्रेमचा) चित्रपट 25 च्या वेगाने उतरवलेला असेल तर तो सुमारे चार टक्के लवकर संपतो, त्यात काही कापलेले नसते. फरक दहा-पंधरा मिनिटांचा असेल तर मात्र प्रत कापलेली समजा. टीव्हीवरून उतरवलेल्या प्रतीत गाणी आणि रेंगाळणारे प्रसंग आधी जातात. अशा प्रतीवरून "दिग्दर्शकाने अमुक गाळले" असे लिहिणे त्याच्यावर अन्याय आहे.

मग थोडे गणित. समजा 200 पानांच्या कादंबरीत वादळाची रात्र 10 पानांत संपते, म्हणजे पाच टक्के. 120 मिनिटांच्या चित्रपटात तिला 18 मिनिटे मिळाली, म्हणजे पंधरा टक्के. ती रात्र तिप्पट ताणली गेली. पाच-सहा मोठ्या प्रसंगांचे असे गुणोत्तर काढले की चित्रपटाचा भर कुठे आहे हे वादाशिवाय दिसते. याच वेळी मध्यंतर कुठे येते ते पाहा. कादंबरीला मध्यंतर नसते. आपल्याकडच्या चित्रपटाला असते आणि त्यापाशी काहीतरी उलथापालथ लागते. पुस्तकात दोन-तृतीयांशावर येणारी घटना पटकथेत मधोमध ओढलेली दिसली तर कारण बहुतेक वेळा हेच. ओटीटीवरच्या काही प्रतींत मध्यंतराची पाटी काढून टाकलेली असते. तेव्हा एकूण वेळेच्या मध्याच्या आसपासची दहा मिनिटे बारकाईने पाहा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो निवेदकाला. 'बनगरवाडी'त धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर स्वतः सांगतो. त्याला जे दिसले नाही, कळले नाही, ते पानावर येत नाही. वस्ती आपल्याला त्याच्या अर्धवट समजुतीतून उलगडते आणि कादंबरीची जादू त्यात आहे. पडद्यावर तो मास्तरही इतरांसारखाच समोर उभा असलेला माणूस होतो. कॅमेरा त्याला बाहेरून पाहतो. म्हणून 'मी'ने सांगितलेली कादंबरी असेल तेव्हा वहीत आणखी एक खूण ठेवा: निवेदक नसलेला प्रत्येक प्रसंग फुलीने दाखवा. असे दोन-चार प्रसंग माहिती पुरवण्यासाठी आलेले असू शकतात. पंधरा-वीस निघाले तर दृष्टिकोनच बदललेला आहे, आणि तुमच्या लेखाचा मुख्य मुद्दा तोच.

निवेदकाच्या मनातले बोलणे चित्रपटात कशात रूपांतरित झाले हेही एकेक करून लिहा. मार्ग मोजकेच असतात. पार्श्वनिवेदन, ज्याच्याशी मन मोकळे करता येईल असे नवे पात्र, पत्र किंवा रोजनिशी, चेहऱ्यावर थांबलेला कॅमेरा, ध्वनी, गाणे. चार मिनिटांचे गाणे कधीकधी चार वर्षे ओलांडून नेते, त्याला 'विरंगुळा' म्हणून सोडू नका. पुस्तकातली कोणती पाने त्यात गेली ते शोधा. एखाद्या विचाराला कुठलाच पर्याय मिळाला नसेल तर तेही लिहा. चित्रपटाच्या मर्यादा अशाच जागी दिसतात, आणि चांगल्या दिग्दर्शकाची हुशारीसुद्धा.

आता कारणे. प्रत्येक मोठ्या बदलासमोर संभाव्य कारण लिहा: माध्यमाची गरज, काळ आणि खर्च, सेन्सॉर, प्रेक्षकाची सवय, किंवा दिग्दर्शकाची स्वतःची दृष्टी. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींची कारणे वेगळी असू शकतात. साने गुरुजींची 'श्यामची आई' 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तिच्यावर आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये आणि सुजय डहाके यांनी 2023 मध्ये चित्रपट केला. दोन्ही कृष्णधवल. पहिल्याच्या काळात तीच सर्वसाधारण रीत होती. दुसऱ्यात ती जाणीवपूर्वक केलेली निवड आहे. पुस्तक 42 रात्रींत सांगितलेल्या गोष्टींचे आहे, म्हणजे रूढ अर्थाने कादंबरीही नाही. म्हणून इथे विचारायचा प्रश्न असा: सुट्या रात्री एका धाग्यात ओवताना कोणता धागा निवडला, आणि कोणत्या रात्री बाहेर राहिल्या? एका पुस्तकावर सत्तर वर्षांच्या अंतराने दोन चित्रपट हाती असणे हे अभ्यासकाचे भाग्य आहे. जमेल तेव्हा अशी त्रिवेणी तुलना कराच.

गोव्यातल्या वाचकासाठी एक सावधगिरी. पडद्यावर पणजीतल्या फोंताइन्हासच्या गल्लीतून वळलेले पात्र थेट दूरच्या मोरजीच्या किनाऱ्यावर निघाले की आपल्याला लगेच खटकते, आणि चर्चा तिथेच भरकटते. चित्रीकरणाच्या सोयीसाठी जोडलेला भूगोल तुलनेत धरू नका. पण कादंबरी सत्तरी तालुक्यातल्या डोंगराळ गावात घडते आणि चित्रपटाने तिला किनाऱ्यावर आणले, तर तो खरा बदल आहे: कुळागर (पोफळी-माडांची बाग), रान आणि माणसांचे कामधंदे सगळेच बदलले. बोलीचेही तसेच. पुस्तकात निवेदन मराठीत आणि संवाद कोंकणीत असतील, आणि चित्रपटात सगळे एकाच भाषेत आले असेल, तर कोणती माणसे एकमेकांशी कशी बोलत होती हा तपशील हरवतो. कुठल्या दोन पात्रांमधले अंतर त्यामुळे पुसले गेले ते नेमके सांगा.

इफ्फीत, म्हणजे नोव्हेंबरात गोव्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पाहिलेल्या चित्रपटाला थांबवत पाहण्याची सोय नसते आणि पुन्हा खेळ मिळेलच असे नाही. तेव्हा कादंबरी नोव्हेंबरआधी वाचून ठेवा. अंधारात फोन उघडू नका, मागच्या रांगेला त्रास होतो. छोट्या वहीत प्रत्येक प्रसंगासाठी एक पान आणि त्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द पुरतो: "विहीर", "पत्र", "भांडण". बाहेर पडल्यावर पुढच्या रांगेत उभे राहण्याआधी त्या शब्दांची वाक्ये करा. दुसरा चित्रपट पाहिल्यावर निम्मे शब्द काही सांगेनासे होतात.

लेख लिहायला बसाल तेव्हा वहीतले सगळे ओतू नका. दोन किंवा तीन बदल निवडा, जे एकमेकांशी जोडलेले आहेत, आणि प्रत्येकाला पृष्ठांक व मिनिट दोन्ही द्या. "शेवट बदलला" असे मोघम न लिहिता पुस्तक कोणत्या दृश्यावर संपते आणि चित्रपट कोणत्या, हे समोरासमोर मांडा. पटकथा आणि संवाद कोणाचे हे श्रेयनामावलीतून टिपा, कारण सगळे बदल दिग्दर्शकाच्या माथी मारणे चुकीचे. "वर आधारित" आणि "वरून प्रेरित" यातला फरकही तिथेच कळतो. केवळ प्रेरणा घेतलेल्या चित्रपटाकडे इमानदारीचा हिशेब मागण्यात अर्थ नाही.

मंडळात किंवा रवींद्र भवनासारख्या ठिकाणी पूर्ण चित्रपट दाखवायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्या. ओटीटीची वर्गणी घरात पाहण्यापुरती असते. परवानगीसाठी निदान महिनाभर हाताशी ठेवा. चर्चेसाठी दोन-तीन मिनिटांचे तीन तुकडे पुरेत. प्रत्येक तुकड्याआधी पुस्तकातला तोच उतारा कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, मग तुकडा दाखवा. उलट क्रमाने केले की उतारा ऐकताना श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर नटच राहतो.