एक टोप, पाच ताटं आणि एक वाटी: वयाप्रमाणे कुणाला काय वाढावं

आज बुधवार. टोपात बांगड्याचं तिकलं, उकड्या तांदळाचा भात, लाल माठाची भाजी, सोलकढी. जेवणारी सहा माणसं: चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, नवरा, मी, आठवीतली मुलगी, माहेरी आलेली नणंद आणि तिचं आठ महिन्यांचं बाळ. सहा जणांचे सहा स्वयंपाक कुणालाच झेपत नाहीत, करूही नयेत. वाटण एकच राहू दे. बदलायचं ते वाढण्यात.

आधी कागद घ्या

घरातली माणसं लिहा. प्रत्येकापुढे वय लिहा आणि दिवसभरात अंगमेहनत किती होते ते. पान कुणाचं आधी मांडतात, हे मात्र लिहू नका. आपल्याकडे मोठी तुकडी मानाने जाते, शेवटी बसणारीच्या वाट्याला भात आणि रस उरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी पाहा: पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, पाळी येणाऱ्या बाईला २९, तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला ३०. म्हणून भात वाढण्याआधी तुकड्या मोजून घ्या आणि मुलीची, नणंदेची, स्वतःची तुकडी बाजूला काढा. पहिल्या दिवशी घरात जरा कुजबुज होते. दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या लक्षातही राहत नाही.

तिखट पडण्याआधी बाळाची वाटी

सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. पाणीही नाही, घुटीही नाही. त्यानंतर दुधाच्या जोडीला अन्न, आणि दूध दोन वर्षांपर्यंत चालू. मध एक वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

कोकणातली हमखास चूक म्हणजे पेजेची निवळ. मीही केली. मुलगी सात महिन्यांची असताना वाटी वाटी निवळ पाजत होते आणि वजनाचा काटा हलेना. अंगणवाडीतल्या ताईंनी माझ्यासमोर चमचा तिरका केला, निवळ घळकन सांडली. "सांडतं ते पाणी, चमच्यात राहतं ते जेवण," म्हणाल्या. बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्यानेच भरलं तर बळ कुठून येणार?

तेव्हा असं करा. मऊ भात आणि मुगाची डाळ हाताने कुस्करा, घट्टसर ठेवा, वर चमचाभर तूप घाला, मीठ नको. मासळी चालते. बांगड्याच्या पाठीकडचं मांस नुसतं वाफवून घ्या आणि काट्यासाठी बोटांनी तीनदा चाचपा. घाई असेल तर सरळ उकडलेलं अंडं कुस्करा. आठव्या महिन्यात असं दिवसातून दोन-तीन वेळा, एका वेळी साधारण अर्धी वाटी. वर्ष झालं की घरचंच जेवण, तिखट कमी करून.

आठवीतली मुलगी

हाडं भरतात ती याच वयात. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि आमच्या कन्येला दूध बघवत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. तेवढ्या पिठाच्या मध्यम दोन भाकऱ्या होतात. पेडवे, मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्ली तर तीही कामाला येतात. बाजारात तिसऱ्या दिसल्या तर घ्या, लोहासाठी बांगड्याहून उजव्या.

भाजीतलं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व असलेलं फळ हवं: माठावर लिंबू पिळा, पेरू द्या, उन्हाळ्यात बोंडू. काजूची बी काढून घेतात आणि बोंडू बागेत कुजत पडतात, याची मला दरवर्षी हळहळ वाटते. क जीवनसत्त्व त्यात संत्र्याहून कितीतरी जास्त. घशाला खवखवतो हे खरं, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवला की कमी होतं. जेवणाला लागून चहा मात्र नको, तो लोह अडवतो. तासभर थांबा.

पोटुशी आणि बाळंतीण

फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासूनच सुरू झालेलं बरं, कारण बाळाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या महिन्यातच होते. लोहाच्या गोळ्या निदान १८० दिवस, आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी नकोत.

अंगावर पाजणारीची भूक खरी असते, तिला हसू नका. पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जादा लागतात, पुढे ५२०. नणंदेला मी दुपारची एक नाचणीची भाकरी, वाटीभर कुळथाची पिठी आणि चार वाजता अळिवाचा लाडू असे वाढवून दिले. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खाऊ घालण्याची आपल्याकडे रीत आहे. इथे मी आईंशी, म्हणजे सासूबाईंशी, वाद घातला. मोरी म्हणजे शार्कच. असे शिकारी मासे अंगात पारा साठवतात, म्हणून गरोदरपणी आणि अंगावर पाजताना ते टाळायला सांगतात. त्याऐवजी बांगडा, तारली द्या. आईंचं तोंड दोन दिवस फुगलेलं होतं.

नवरा

याच्याबद्दल थोडक्यात. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २११० कॅलरी पुरतात, जड काम करणाऱ्याला ३४७०. होडीवर जाळी ओढणारे सासरे जेवढा भात खायचे, तेवढाच दुकानात बसणारा मुलगा खातो. भाताचा एक डाव कमी, भाजीचा एक जास्त.

पेजेवरच राहणारी माणसं

"माका पेज पुरे," आई म्हणतात. पोटाला पुरते, स्नायूंना नाही. उतारवयात भूक घटते पण प्रथिनांची गरज घटत नाही. ५० किलो वजनाला रोज ४० ग्रॅमच्या वर हवीत, आणि दोन वाट्या पेजेत त्यातली अगदी थोडीच मिळतात. पेज काढून घेऊ नका, तिच्यात भर घाला. शंभर ग्रॅम कुळथात प्रथिनं बावीसेक ग्रॅम, म्हणून पेजेसोबत रोज पिठी. दात नसतील तर ओला बोंबील, तोंडात विरघळतो. अंड्या-मासळीतून ब-१२ही मिळतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे सगळं आधी डॉक्टरांना विचारून.

तहानही म्हातारपणी कळत नाही. मी तांब्या भरून समोर ठेवते आणि संध्याकाळी किती उरलंय ते बघते.

स्वतःलाही यादीत धरा. पाळी गेल्यावर कॅल्शियमची गरज १२०० वर जाते. तेव्हा मुलीच्या भाकरीतली एक माझी.

बंदीचे दोन महिने

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग. मग काळ्या वाटाण्याची उसळ, अंडी, कुळीथ, पहिल्या पावसात टाकळा, शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी. फडताळातली सुकटही निघते. ती प्रथिनांनी भरलेली असते, तशीच मिठानेही, आणि माणशी दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. कोमट पाण्यात दोनदा धुवा, टोपात वेगळं मीठ घालू नका. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याच्या ताटात त्या दिवशी लोणचं आणि पापड वाढू नका, मागितला तरी.