नव्या सर्जनकडे वजनाचं ऑपरेशन? आधी हे विचारा

सोलापुरात एखादे सर्जन वजन कमी करायचं ऑपरेशन नव्याने सुरू करतात, तेव्हा ‘हात चांगला आहे त्यांचा’ एवढ्यावर होकार देऊ नका. पित्ताशयाची दुर्बिणीतून शेकडो ऑपरेशनं केली असतील, पण ‘स्लीव्ह’ या वजन कमी करायच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात. तो परत बसत नाही. सरळ विचारा, ‘डॉक्टर, हेच ऑपरेशन तुम्ही मुख्य सर्जन म्हणून किती केलंत? माझ्या वेळी अनुभवी सर्जन सोबत असतील का?’ सोबत कोणी मुरलेलं असेल तर लहान आकडाही चालेल. उत्तर टाळलं तर मात्र दुसरं मत घ्या, त्यासाठी पुणं गाठावं लागलं तरी.

खरी मेख नंतर आहे. जठर कापून जिथे स्टेपलच्या पिना मारून बंद करतात, त्या रेषेतून गळती घरी गेल्यावरही होऊ शकते. नाडी जोरात, ताप, पोटात कळा... रात्री दोनला फोन कोण उचलणार? सर्जन फक्त रविवारी बाहेरगावाहून येत असतील, तर बाकी सहा दिवस पेशंट कोणाच्या हवाली? आयसीयू तिथेच आहे का? आहारतज्ज्ञ कोण, तेही विचारा. ‘सिस्टर सांगतील’ हे मला तरी पटत नाही. आणि ‘आजच ॲडव्हान्स भरा, सूट देतो’ म्हणाले, तर खुशाल उठा. हे ऑपरेशन सहसा तातडीचं नसतं.