फिरत्या शिफ्टमध्ये सतार, दोस्त आणि झोप कशी बसवायची

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायच्या कारखान्यात, मी प्रोसेस इंजिनिअर आहे. वाळूची टेस्टिंग, फर्नेसचं लॉगबुक आणि रिजेक्शनचा आकडा हे माझं काम. मिरजेला सतार शिकतो. घर तासगावला, तिथं द्राक्षबाग आहे, आणि आठवड्याला एकदा तरी बागेत गेल्याशिवाय आबांना चैन पडत नाही, मलाही नाही. खोली सांगलीत विश्रामबागला. शाळेपासूनचे दोस्त काही सांगलीत, काही पुण्यात. नव्यानं लागलेली पोरं विचारतात, तिन्ही शिफ्टा फिरताना हे सगळं जमवता कसं? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

पहिलं काम म्हणजे दिवसाचं टाइमटेबल फाडून टाका. जनरल शिफ्टवाल्याला ते चालतं. आपल्याला "रोज संध्याकाळी सहाला रियाज" असं ठरवून उपयोग नाही, सेकंडच्या आठवड्यात सहा वाजता आपण मोल्डिंग लाइनवर उभे असतो. मग आठवडाभर खाडा पडतो आणि वाटतं की आपल्याच्यानं होत नाही. आपलं टाइमटेबल तीन आठवड्यांचं असतं. एका कागदावर एकवीस चौकोन काढा आणि क्रमानं भरा: आधी शिफ्ट, मग झोप, मग नाद, मग माणसं. झोप दुसऱ्या नंबरावर का, ते पुढं येईलच.

चौकोन भरताना सुट्ट्या मोजा, आणि त्या तासांत मोजा. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. फर्स्ट 7 ते 3, सेकंड 3 ते 11, नाईट 11 ते 7, आणि शिफ्ट बदलते सुट्टीनंतर. आता बघा. फर्स्टचा आठवडा रविवारी दुपारी 3 ला संपतो आणि सेकंड मंगळवारी दुपारी 3 ला सुरू होते, म्हणजे मध्ये 48 तास. सेकंड रविवारी रात्री 11 ला संपते, नाईट मंगळवारी रात्री 11 ला, पुन्हा 48 तास. पण नाईट सोमवारी सकाळी 7 ला सुटते आणि मंगळवारी सकाळी 7 ला फर्स्टला हजर व्हायचं, म्हणजे फक्त 24. कॅलेंडरवर तिन्ही सोमवार सारखेच दिसतात, पण हातात दोन मोठ्या सुट्ट्या आणि एक छोटी येते. हे एकदा कागदावर दिसलं की अर्धं कोडं सुटतं.

फर्स्टनंतरची मोठी सुट्टी दोस्तांना द्या, कारण तिच्यात रविवारची संध्याकाळ येते आणि पुण्याहून आलेले त्याच वेळी मोकळे असतात. सेकंडनंतरची मोठी सुट्टी मी तासगावला देतो, बागेतली कामं सोमवार-मंगळवार बघत नाहीत. नाईटनंतरच्या छोट्या सुट्टीत काहीही ठेवू नका. लग्न नाही, दंडोबाचा ट्रेक नाही, बँकेचं काम नाही. ती सुट्टी म्हणजे शरीर परत दिवसावर आणायचा वेळ. सकाळी आठला झोपा आणि अलार्म लावून बारापर्यंत उठाच. जीव आणखी झोप मागेल, देऊ नका. दुपारभर उन्हात वावरा, रात्री दहाला आडवे व्हा. त्या दुपारी पाचपर्यंत झोपलात तर रात्री डोळा लागत नाही आणि मंगळवारी सकाळी 1400 अंशांच्या लोखंडाशेजारी पेंगत उभं राहावं लागतं. फाउंड्रीत तेवढ्यानं माणूस जायबंदी होतो.

नाईटच्या झोपेबद्दल जरा जास्त लिहितो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सकाळी सुटल्यावर तोंडावर ऊन आलं की मेंदूला दिवस उगवल्याची खबर जाते आणि झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं. म्हणून गेटबाहेर पडतानाच काळा गॉगल लावा. डोळे मिटत असतील तर गाडीला किक मारू नका, ज्याला जाग आहे त्याच्या मागं बसून या. हलकं काहीतरी खा, आंघोळ करा आणि आठला झोपा. खिडकीला जाड, गडद पडदा हवाच, नसेल तर आतून पुठ्ठा लावा. फोन सायलेंटवर टाका, फक्त घरचे दोन नंबर वाजू द्या. आठ ते एक ही मोठी झोप, आणि रात्री साडेआठ ते दहा ही छोटी. पाच आणि दीड, साडेसहा तास होतात. सलग आठ तासांच्या मागं लागाल तर दुपारच्या गोंगाटात तेही मिळत नाहीत आणि संध्याकाळही हातची जाते.

चहाचा हिशेबही असाच. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणून नाईटचा शेवटचा चहा तीनच्या आत घ्या. पहाटे पाचची टपरी सगळ्यांनाच ओढते, तिथं जा, गप्पा मारा, पण ग्लास हातात घेऊ नका.

आणखी एक, जे मॅनेजरला सांगायला हवं. शिफ्ट फर्स्टकडून सेकंडकडं आणि सेकंडकडून नाईटकडं फिरली तर शरीराला सोपी जाते, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा जमतं. तुमच्याकडं उलटी फिरत असेल, नाईटनंतर सेकंड, सेकंडनंतर फर्स्ट, तर चौघांनी मिळून शांतपणे हा मुद्दा मांडा. कंपनीला त्यात एक रुपयाही खर्च नाही.

आता रियाज. तिन्ही आठवड्यांत सारखा करायचा हट्ट सोडा, प्रत्येक आठवड्याला वेगळं काम द्या. सेकंडचा आठवडा सोन्यासारखा. सकाळी नऊ ते अकरा डोकं ताजं असतं, शेजारी कामावर गेलेले असतात. नवीन गत, नवा राग, मिरजेचा क्लास, सगळं या आठवड्यात. फर्स्टच्या आठवड्यात साडेतीनला घरी, आंघोळ, वीस मिनिटं डोळे मिटायचे आणि पाचला बसायचं. त्यात शिकलेलं घोटायचं: 'झाला' हा जलद भाग, मींड म्हणजे तार ओढून सूर वळवणं, तालाबरोबर बसणं. नाईटच्या आठवड्यात संध्याकाळी फक्त वीस मिनिटं, साधे पलटे, दा रा दा रा. नवीन काहीही नाही. थकलेल्या हातानं शिकलेली गोष्ट वाकडीच बसते आणि मग ती सरळ करण्यात महिना जातो. गुरुजींना तुमचा शिफ्टचा कागद देऊन ठेवा. माझे गुरुजी आता स्वतःच विचारतात, "या आठवड्यात सेकंड का?" आणि त्या हिशेबानं धडा देतात.

वाळूत काम करणाऱ्यानं हात जपायला हवेत. शॉपमध्ये ग्लोव्हज काढू नका. डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाला पडलेले घट्टे हीच सतारियाची कमाई, ते ओले असताना तारेवर बसलात तर मऊ पडलेली कातडी कापते. म्हणून आंघोळीनंतर अर्धा तास थांबा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा, घामानं गंजतात. आणि सतार खोळीत बांधून कपाटावर ठेवू नका. वरून सुती कापड टाकून हाताला येईल अशी ठेवा. थकून आलेला माणूस खोळीच्या नाड्या सोडत बसत नाही.

जवारीसाठी, म्हणजे सतारीची घोडी घासून आवाज खुलवून घ्यायला, पावसाळ्याआधीच मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन या. पूर्वी शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथं वाद्यं करायला घेतली, आणि मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्यापासून आठ-दहा किलोमीटरवर असे कारागीर आहेत. जवारी निघत असताना शेजारी बसून ऐका, आवाज कुठं खुलतो ते कान आपोआप शिकतो.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. मी पहिलं सत्र धरतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती असते, ढग आले की फवारणीला घरी माणूस लागतो, तेव्हा परीक्षेचं ओझं नको. तुमच्या घरी ऊस असेल, दुकान असेल, तर तुमचा गर्दीचा महिना ओळखून सत्र निवडा.

वेळेवर सुटणं हे वेगळंच कसब आहे. शिफ्ट संपल्यावर येणारे बहुतेक फोन हँडओव्हरमध्ये राहून गेलेल्या गोष्टीसाठी असतात. त्यामुळं लॉगबुक प्रत्येक हीटनंतर (फर्नेसचा एक घाण वितळून झाल्यावर) लिहा, शेवटी बसून आठवून नको. शेवटच्या अर्ध्या तासात रिलीव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टला येणाऱ्याला, तोंडी पाच गोष्टी सांगा: वाळूचा मॉइश्चर आणि कॉम्पॅक्टॅबिलिटी किती, कुठला पॅटर्न चालू आहे, फर्नेसचं लायनिंग कसं आहे, कुठला लॉट अडवून ठेवलाय, कस्टमरची कुठली तक्रार उघडी आहे. मग निर्धास्त निघा. रिलीव्हर आला नाही तर फर्स्टनंतर एखादी डबल मारा, मदत म्हणून. नाईटनंतर मात्र स्पष्ट नाही म्हणा.

शिफ्टच्या अदलाबदलीची एक छोटी वही ठेवा. कुणाच्या ईदला तुम्ही उभे राहिलात, कुणी तुमच्या परीक्षेला सांभाळलं, सगळं लिहा. आणि स्वतः मागण्याआधी दोनदा द्या. आमच्या फर्नेसवरचे मामा म्हणतात, "देणाऱ्याला कोण नाही म्हणत नाही." खरं आहे ते.

दोस्तांचं सोपं आहे, फक्त त्यांना आपला कागद दिसायला हवा. महिन्याच्या एक तारखेला शिफ्टचा फोटो ग्रुपवर टाका. रात्रीच्या जेवणावर अडून बसू नका. सेकंडच्या आठवड्यात सकाळी सातला कृष्णेच्या घाटावर पोहायला भेटता येतं, नंतर मिसळ, आणि नऊला घरी. अर्थात उन्हाळ्यात, आणि पोहणारे दोघं-तिघं असतील तरच.

जुलै-ऑगस्टच्या पुरासाठी दोन-तीन सी-ऑफ (जादा कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या सुट्ट्या) राखून ठेवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं होतं, ज्यांनी बघितलं ते विसरणार नाहीत. गावभागात तुमचा कुणी दोस्त राहत असेल तर 40 ची वाट बघू नका. पाणी चढतंय आणि कोयनेतून विसर्ग वाढतोय असं दिसलं की सी-ऑफ टाका आणि सामान वर चढवायला जा. वर्षभर भेट नाही झाली तरी चालेल, त्या दिवशी गेलात की झालं. स्वतःची खोली तळमजल्यावर असेल तर सतारही आधीच ओळखीच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा.

शेवटी मिरजेच्या मैफलींचं. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. नवरात्रात अंबाबाईचा संगीत महोत्सव असतो. ऐकणं हाही रियाजच आहे, म्हणून या रात्री वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर लाल पेनानं लिहा. तारखा कळल्या की तुमची शिफ्ट कुठली येते ते बघा. फर्स्ट असेल तर अडचण नाही, फक्त दहाला उठून घरी जायचं. नाईट असेल तर महिनाभर आधी वही उघडा, ज्याच्यासाठी तुम्ही उभे राहिलात त्याला विचारा, आणि अदलाबदल लेखी मंजूर करून घ्या. सेकंड असेल तर अकराला सुटून गाडी थेट मिरजेकडं वळवा. सभा लांबली असेल तर शेवटचा कलाकार मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत झोपायला वेळ असतो.