43 फूट म्हणजे कुठली गल्ली?

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापुरात पुराच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायला बसलो, तेव्हा माझ्याकडे आपत्ती व्यवस्थापनाची पदविका होती आणि दोन आकडे तोंडपाठ होते. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. पहिल्याच पाळीत एका आजोबांचा फोन आला. "मच्छिंद्री झाली काय वो?"

मला वाटलं, राँग नंबर. शेजारच्या ऑपरेटरकाकांनी रिसीव्हर काढून घेतला. "अजून न्हाई बाबा, पण सामान माळ्यावर टाका." मग मला सांगितलं की शिवाजी पुलावरच्या ठरावीक खुणेला पंचगंगा टेकली की जुनी माणसं 'मच्छिंद्री झाली' म्हणतात. त्या आजोबांना फुटांशी देणंघेणं नव्हतं.

या कामात नव्याने येणाऱ्याला पहिली अडचण हीच येते. कागदावर सगळं सोपं दिसतं. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, जिल्ह्याचा हेल्पलाइन क्रमांक 1077, आणि बाकी खात्यांनी आपापलं काम करायचं. प्रत्यक्षात पाटबंधारेवाले क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी त्यात, बोलतात, हवामान खातं मिलिमीटरमध्ये, महावितरण फीडरच्या, म्हणजे एकेका भागाला वीज देणाऱ्या लाइनच्या, नावाने, पोलीस बंद रस्त्यांच्या नावाने. आणि फोन करणारी बाई म्हणते, "उंबऱ्याला लागलंय." एवढ्या भाषा एका टेबलावर येतात, आणि टेबलाशी बसलेले असता तुम्ही.

राधानगरीचंच घ्या. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या सहीची वाट बघत नाहीत. एका दरवाजातून 1428 क्युसेक. संदेश येतो तो एवढाच, 'दरवाजा क्रमांक अमुक उघडला'. तिकडे लोक फोनवर खवळलेले असतात, "पाणी कुणी सोडलं?" वाद घालायचा नाही. ते पाणी भोगावती नदीतून खाली पंचगंगेत यायला वेळ लागतो, आणि आपल्या हातात असतो तो तेवढाच. त्या वेळात सुतारवाड्यातली कुटुंबं हलली पाहिजेत, कारण शहरात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा तिथे आधी. कुठल्या फुटाला कुठली गल्ली, हा तक्ता पाठ करा. मिळाला नाही तर अग्निशमन दलातल्या जुन्या जवानाजवळ बसून स्वतः बनवा. माझा तसाच बनला, चहाच्या तीन कपांत.

माझी चूकही सांगतो. एका रात्री नोंदवहीत मी लिहिलं, 'शाहूपुरी, वृद्ध दांपत्य, बोट हवी'. शाहूपुरी म्हणजे केवढा भाग! बोट कुंभार गल्लीच्या बाजूला गेली, माणसं होती व्हीनस कॉर्नरकडे. दीड तास गेला. दोघं सुखरूप निघाली, पण तेव्हापासून फोनवर माझे प्रश्न ठरलेले आहेत. जवळचं देऊळ किंवा दुकान कुठलं? पाणी घोट्याला, गुडघ्याला की कमरेला? माणसं किती? अंथरुणावर कुणी आहे का? आणि वीज चालू आहे का?

शेवटचा प्रश्न नवखे हमखास विसरतात. साठलेल्या पाण्यात वीज उतरलेली असू शकते, म्हणून बोट पाठवायच्या आधी त्या भागाचा फीडर बंद केल्याचं महावितरणकडून वदवून घ्यायचं. 'बंद असेल' हे उत्तर चालत नाही. वेळ आणि सांगणाऱ्याचं नाव लिहायचं.

त्या वर्षी पातळी 55 फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहराचं बेट झालं. बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं बुडाली, त्यामुळे चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्याकडे सुटकेपेक्षा टँकरचेच फोन जास्त होते. टँकरला डिझेल, डिझेलला रस्ता, रस्त्याला पाणी ओसरणं. एका खात्याची गाठ दुसऱ्या खात्यात अडकलेली असते ती अशी. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला आहे, पण महामार्गच बुडाल्यावर जवळ काय आणि लांब काय! अलीकडे पावसाळ्याआधीच एक तुकडी कोल्हापुरात मुक्कामाला येते, हे बरं झालं.

शिक्षणाचं विचाराल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, पुण्यात यशदा या राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणं होतात. पदवी घ्याच. पण माझ्या मते त्याआधी 'आपदा मित्र' या स्वयंसेवक योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण करून एक पावसाळा काढावा. नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात, पगार बेताचा, आणि जून ते सप्टेंबर सुट्टी मागायची नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, ते अजून ऐकतोय.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. मी त्याच खुर्चीवर होतो. एका नव्या मुलीने फोन उचलला, गोंधळून माझ्याकडे बघितलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, "दादा, मच्छिंद्री कोण?"