उन्हाळी शिबिरात मुलांना लिहितं करताना या चुका टाळा

सर्जनशील लेखनाचं शिबिर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच बिघडतं. किशोरवयीन मुलं बसलेली असतात, काही स्वतःहून आलेली, काही घरच्यांनी पाठवलेली. मार्गदर्शक फळ्यावर लिहितात, ‘कथेचे घटक’, आणि त्याखाली कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, शेवट. मुलं निमूटपणे वहीत उतरवून घेतात, खाली पट्टीने रेघ मारतात आणि सुट्टी संपली हे मनातल्या मनात मान्य करून टाकतात.

शिबिर जेमतेम आठवडाभराचं असतं. तेवढ्यात लेखक घडत नाही, आणि खरं सांगायचं तर चांगली कथाही क्वचितच होते. एक गोष्ट मात्र होऊ शकते. आजवर गुणांसाठी लिहिणारं मूल एकदा तरी स्वतःला वाटलं म्हणून लिहितं. पुढच्या बहुतेक चुका मोठ्यांच्या घाईतून होतात. आपल्याला शेवटच्या दिवशी पालकांना दाखवायला काहीतरी हवं असतं, आणि मुलांना अजून पेनही नीट धरू दिलेलं नसतं.

आधी व्याख्या, मग लेखन

हा क्रम उलटा करा. ओळख, सूचना, नियम सगळं दहा मिनिटांत उरका आणि लगेच लिहायला बसवा. पीटर एल्बो या अमेरिकी शिक्षकाने 1973 मध्ये लोकप्रिय केलेली पद्धत इथे सर्वांत उपयोगी पडते. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही. सुचलं नाही तर ‘सुचत नाही, सुचत नाही’ असंच लिहीत राहायचं. हे लेखन कुणीही वाचणार नाही, असं सुरुवातीलाच सांगा आणि तो शब्द पाळा. ‘बघू जरा काय लिहिलंय’ म्हणत वहीत डोकावलात तर पुढचे सगळे दिवस मुलं तुमच्यासाठी लिहितील.

त्या दहा मिनिटांत तुम्हीही लिहा. हात मागे बांधून रांगांमधून फिरणारा माणूस परीक्षेची आठवण करून देतो.

व्याख्यांना जागा आहे, पण नंतर. दोन बहिणी एका खोलीसाठी भांडतात असं कुणी लिहून झालं की मग सांगा, ‘हाच संघर्ष. आता यात दोघींपैकी कुणाला काय गमवावं लागेल?’ स्वतःच्या कागदावर सापडलेली संज्ञा मुलं विसरत नाहीत.

‘काहीही लिहा, पूर्ण मोकळीक आहे’

उदार वाटणारं हे वाक्य पंधरा वर्षांच्या मुलाला घाबरवून टाकतं. पूर्ण मोकळीक मिळाली की सगळे एकाच ठिकाणी पोचतात. पाऊस, एकटेपणा किंवा जगाचा अंत, एवढ्यातलंच काहीतरी. त्याऐवजी छोटी, थोडी खट्याळ अट घाला. 1960 मध्ये पॅरिसमध्ये काही लेखक आणि गणितज्ञांनी ‘उलिपो’ नावाचा गट काढला तो याच कल्पनेवर. त्यातल्या जॉर्ज पेरेकने 1969 मध्ये फ्रेंचमधलं सर्वाधिक वापरलं जाणारं अक्षर, म्हणजे रोमन ‘e’, एकदाही न वापरता आख्खी कादंबरी लिहिली. मुलांना ही हकिगत सांगितली की ती आधी हसतात, मग स्वतःही करून बघतात.

मराठीत याहून मजेदार अट घालता येते. जोडाक्षर नसलेला एक परिच्छेद. पहिल्याच मिनिटात प्रेम, स्वप्न, अश्रू, मृत्यू, अस्तित्व, आत्मा हे सगळे बाद होतात. म्हणजे किशोरवयीन कवितेचं निम्मं भांडवल गेलं. उरतात दार, चावी, उशीर, डोळे, पायरी, रिकामी बाटली. ‘म्हणाला’ही चालत नाही, त्यामुळे संवाद तसाच उभा करावा लागतो. ‘त्याला’, ‘त्याने’ अडतं, पण ‘तिला’, ‘तिने’ चालतं, म्हणून नायकाची नायिका होते! उपदेश न करता ठोस शब्दांकडे नेणारा याहून चांगला खेळ मला तरी ठाऊक नाही.

दुसरी अट प्रसंगाची. दारात दोघं उभे आहेत. एकाला आत जायचंय, दुसरा जाऊ देत नाही. कारण दोघांपैकी कुणीही उघड सांगायचं नाही. फक्त संवाद, एक पान. ज्यांना ‘गोष्ट सुचत नाही’ त्यांनाही भांडण सुचतं.

निबंधाची भाषा आणि तिची थट्टा

लक्षण ओळखणं सोपं आहे. सूर्याची किरणं सोनेरी असतात, पक्षी किलबिलाटच करतात, निसर्ग मुक्तहस्ते उधळण करतो आणि शेवटी एखादा बोध येतो. मुलांनी हे लबाडीने लिहिलेलं नसतं. वर्षानुवर्षं याच वाक्यांना गुण मिळाले आहेत, म्हणून ती लिहितात. त्यामुळे सगळ्यांसमोर त्याची चेष्टा करू नका. ‘किती छान भाषा’ असं कौतुकही करू नका, नाहीतर उद्या दुप्पट सोनेरी किरणं येतील. एक प्रश्न विचारा. ‘त्या सकाळी तुझ्या पायाखाली काय होतं?’ उत्तर बहुधा साधं आणि खरं असतं. तेच लिहायला सांगा.

संवादांचा घोळ वेगळा. वर्णन जमलेल्या मुलाच्या कथेतही आजी नातवाला विचारते, ‘बाळा, तू जेवण केलेस का?’ कुठल्याच आजीच्या तोंडी हे वाक्य येत नाही. इथे मुलाला ते मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, तुझी आजी हे कसं म्हणेल? घरची बोली, अर्धवट सोडलेली वाक्यं, मित्रांमधली इंग्रजी मिसळलेली भाषा, सगळं संवादात येऊ द्या. निवेदनात ती मिसळ ठेवायची की नाही, हे मुलाला ठरवू द्या, फक्त ठरवून करू द्या.

आणि ऱ्हस्व-दीर्घ? पहिल्या खर्ड्यावर लाल पेन अजिबात नको. वेलांट्या दुरुस्त केलेला कागद परत मिळाला की मूल पुढच्या वेळी फक्त खात्रीचे शब्द वापरतं. शुद्धलेखन महत्त्वाचं आहेच, पण त्याची वेळ छपाईच्या आधी, शेजारी बसून.

‘चला, आता प्रत्येकाने वाचून दाखवा’

या वयात हसं होण्याची भीती इतर कुठल्याही भीतीपेक्षा मोठी असते. सक्तीने वाचून घेतलं की दुसऱ्या दिवसापासून सगळे सुरक्षित विनोदी गोष्टी लिहू लागतात. ‘पास’ म्हणायची मुभा द्या, आणि ती खरीच असू द्या. पास म्हटल्यावर ‘अरे लाजतोस काय’ सुरू झालं तर मुभेला अर्थ राहत नाही. मधले मार्गही आहेत. फक्त एक वाक्य वाचणं, मैत्रिणीकडून वाचून घेणं, नाव न घालता कागद टोपलीत टाकणं.

प्रतिक्रियांचं काय करायचं, हा त्याहून अवघड भाग. मोठ्यांच्या कार्यशाळांमध्ये लेखकाने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोर चिरफाड करायची, अशी रीत रूढ आहे. 1936 मध्ये सुरू झालेल्या, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेशी तिचं नाव जोडलं जातं. चौदा वर्षांच्या मुलीवर ती वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमारास मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत शिबिराला जास्त मानवते. आधी ऐकणारे त्यांच्या मनात काय राहिलं ते सांगतात. मग लेखक स्वतःचे प्रश्न विचारतो. मग ऐकणारे मत न लादता प्रश्न विचारतात. मत देण्याची पायरी शेवटी, तीही लेखकाने परवानगी दिली तरच. लहान शिबिरात पहिल्या दोन पायऱ्या पुरतात.

‘छान’, ‘मस्त’, ‘एकदम भारी’ यांवर मात्र गमतीने बंदी घाला. त्याऐवजी कोणतं वाक्य डोक्यात राहिलं ते सांगायचं. मुलांना पहिल्या दिवशी हे जमत नाही. म्हणून सुरुवात एखाद्या छापील उताऱ्यापासून करा, म्हणजे समोर बसलेल्या कुणालाच लागणार नाही.

काळोखी लेखन

कधी ना कधी मुलाने वाचायला दिलेली एखादी वही उघडल्यावर तुमच्या पोटात गोळा येईल. रक्त, मृत्यू, घर सोडून जाणं, कधी आत्महत्या. इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. एक म्हणजे घाबरून लगेच पालकांना फोन करणं किंवा ‘सकारात्मक लिहा’ असा फतवा काढणं. किशोरवयीन मुलं काळोखाबद्दल लिहितातच. भयकथेत सतरा खून पडले म्हणून मूल धोक्यात आहे असं नाही. दुसरी चूक म्हणजे ‘ही फक्त कथा आहे’ म्हणत पान उलटणं.

थांबून बघायला हवं ते तपशिलांकडे. लेखन अचानक प्रथमपुरुषी आणि नेमकं झालंय का? जागा, वेळ, साधन यांचा उल्लेख आहे का? निरोपाचा सूर आहे का? एखादी मोठी व्यक्ती, बंद खोली आणि ‘कुणाला सांगू नकोस’ हे पुन्हा पुन्हा येतंय का? मूल एरवीही गप्प झालंय का? असं असेल तर एकांतात पण इतरांच्या नजरेच्या टप्प्यात बसून सरळ विचारा. ‘हे वाचून मला तुझी काळजी वाटली. हे कथेतलं आहे की तुझ्याबाबतीत असं काही होतंय? जीव द्यावा असं तुला वाटतं का?’ असं विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच वेळी शिबिरप्रमुख, समुपदेशक व पालकांना सांगा. अत्याचाराचा संशय असेल तर घरी फोन करण्याआधी समुपदेशकाशी किंवा बालसंरक्षण यंत्रणेशी बोला, कारण तो फोन नेमक्या त्याच माणसाने उचलला तर मुलाची अडचण वाढते.

‘मी कुणालाही सांगणार नाही’ हे वचन कधीच देऊ नका. पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवा, की वह्या खासगी आहेत, पण मला दाखवलेल्या लेखनातून कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही.

याच संदर्भात ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत वेदनादायी प्रसंग लिहा’ हा सराव सरळ टाळा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या प्रसिद्ध प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या आघातांबद्दल लिहिलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि या प्रयोगाची तेवढीच बाजू सगळीकडे सांगितली जाते. पण लिहून झाल्याझाल्या ते विद्यार्थी जास्त उदास होते. तुमचं सत्र संपतं, पुढे पोहण्याचा तास असतो, आणि ते उदास मूल रांगेत उभं राहतं. त्याला स्वतःहून लिहायचं असेल तर लिहू द्या. मागू नका.

रोजच्या लहानसहान अडचणी

‘ताई, मला काही सुचतच नाही.’ याला ‘विचार कर’ हे उत्तर नव्हे. मुलाला बाहेर पाठवा आणि ऐकू आलेली तीन वाक्यं जशीच्या तशी लिहून आणायला सांगा. त्यातलं एक कथेचं पहिलं वाक्य.

‘...आणि तेवढ्यात आईने हाक मारली. ते स्वप्न होतं!’ प्रत्येक शिबिरात हा शेवट हमखास येतो. मुलाने गोष्ट अशा ठिकाणी नेलेली असते जिथून परत कसं यायचं ते त्याला कळत नाही. शेवट बदलायला सांगून उपयोग नसतो. हाक येण्याआधीची दहा मिनिटं पुन्हा, सावकाश लिहायला सांगा.

जादुई राज्याचा नकाशा, वंशावळ, नाणी सगळं तयार, पण कथेचं एकही पान नाही? नकाशावरच्या एका घरात शिरायला सांगा आणि तिथे आज कोण रुसलंय ते विचारा. आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन लिहिणाऱ्यांना ‘स्वतःचं लिही’ म्हणून तोडू नका. तयार पात्रांमुळे त्यांचं सगळं लक्ष संवादावर राहतं, आणि ते वाईट नाही.

एआयकडून लिहून आणलेला मजकूर ओळखण्याच्या फंदात पडू नका. सत्रात कागद-पेन ठेवा, घरी काही देऊ नका, प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

आणि लेखनाचं सत्र भल्या सकाळी लावू नका. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. पेंगणाऱ्या मुलांना आळशी ठरवण्याआधी वेळापत्रक बघा.

शेवटच्या दिवसाचा हव्यास

स्पर्धा आणि ‘उत्कृष्ट कथा’ पुरस्कार नको, एवढं पुरे. पुस्तिका काढायची असेल तर त्यात प्रत्येकाचं काहीतरी असू द्या, चार ओळी का असेनात. मुलाच्या वाक्यांवर परस्पर हात फिरवू नका. पालकांना आवडावं म्हणून मार्गदर्शकाने गुळगुळीत केलेली कथा लिहिणाऱ्याला लगेच परकी वाटते. काय छापायचं, हे आधी मुलाला विचारा, मग पालकांना. कथेत खऱ्या मित्राचं नाव किंवा घरातली भांडणं आली असतील तर नावं बदलण्याबद्दल बोला. पान पक्कं झालं की छपाईआधी एक दिवस ते लिहिणाऱ्याच्या हातात द्या. कुणी ‘माझं काढा’ म्हटलं, तर काढा आणि कारण विचारू नका.