जिऑलॉजीला मॅथ्स लागत नाही असं कोणी सांगितलं असेल तर आधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की डिचोलीतल्या ओळखीच्या घरांतून मला फोन सुरू होतात. ताई, मुलीला जिऑलॉजी घ्यायचंय, कसं आहे, पुढे काही मिळतं का, आणि पाच मिनिटांच्या आत तो प्रश्न येतोच, मॅथ्स नाही ना लागत? हे ऐकलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. मीही हेच विचारलं होतं आणि एका सीनिअरने मला अगदी प्रेमाने सांगितलं होतं, नाही गं, दगड ओळखायचे, नकाशे काढायचे, मस्त फिरायचं. मी बायोलॉजी ठेवलं, मॅथ्स सोडलं. त्या एका उत्तराची किंमत मी पुढची सहा-सात वर्षं मोजली, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

मी या विषयाकडे का आले ते थोडक्यात सांगते. बाबांचे दोन टिपर खाणीवर होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, ते टिपर अंगणात उभे राहिले, आणि तेव्हा घरात रोज लीज, ग्रेड, डंप हेच शब्द चालायचे. ज्या लाल मातीवर आमचं घर चाललं ती मुळात आली कुठून हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि मला ते कळून घ्यायचं होतं. हे कारण मला अजूनही पुरतं. तुमचं कारण नुसतं सरकारी नोकरी असेल तरी चालेल, पण मग परीक्षांचे नियम नीट वाचा, त्यावर खाली बोलते.

गोव्यात कोर्स कुठे आहेत ते तुम्हाला माहीत असेलच. काही हायर सेकंडरीत अकरावीपासून जिऑलॉजी मिळतं, बीएस्सीला मिरामारचं धेंपे आणि मडगावचं चौगुले, आणि मग ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी अप्लाइड जिऑलॉजी. दोनापावलाला एनआयओ म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. एवढ्याशा राज्यात एवढं आहे, पण आमची अर्धी मुलं तिथे एकदाही आत गेलेली नसतात. एनआयओचा खुला दिवस असतो तेव्हा जा आणि समुद्रतळाचे नमुने डोळ्यांनी बघा, त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

खडकांच्या बाबतीत तर आपण नशीबवान आहोत. सावर्डे, डिचोली, वागेरी ही आपल्या गावांची आणि डोंगरांची नावं खडकांच्या गटांना दिलेली आहेत. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर ग्रॅनाइट नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक), काणकोणात ग्रॅनाइट, सत्तरीच्या घाटात वर दख्खनचा बेसॉल्ट, अनमोड घाटात तीन अब्ज वर्षांहून जुना खडक, आणि हे सगळं सकाळी कदंबा बस पकडून संध्याकाळी घरी परत येण्याइतकं जवळ. फक्त वरती सगळीकडे जांभा पसरलाय त्यामुळे खालचा खडक सहज दिसत नाही. ओढ्याचं पात्र, रस्त्याची कटिंग, चिरेखण आणि विहीर, या चार जागा शोधत राहायच्या. आणि घरंगळून आलेल्या धोंड्यावर कंपास ठेवून डिप-स्ट्राइक (थराचा उतार आणि दिशा) घेऊ नका, आधी तो जागचा खडक आहे का ते बघा. खनिज पट्ट्यात तर कंपासच्या सुईवरही लगेच विश्वास ठेवू नका, मॅग्नेटाइट जवळ असेल तर ती वळते, दहा पावलं सरकून पुन्हा रीडिंग घ्या.

आता मुख्य गोष्ट.

बीएस्सीला मॅथ्सशिवाय खरंच निभतं. फॉसिल, मिनरल, थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे खडकाचे पातळ काप), स्ट्रॅटिग्राफी (थरांचा क्रम), सगळं पाठांतरावर आणि डोळ्यांवर जातं. आभासी डिप आणि खरा डिप काढताना टॅन आणि साइन येतात तेवढे मी फॉर्म्युला घोकून सोडवले. मार्क चांगले पडले आणि मला वाटलं सीनिअर खरंच बोलला होता. या सापळ्याचं वाईट हेच आहे की तो तीन वर्षं दिसतच नाही, उलट तुम्ही वर्गात पुढे असता.

एमएस्सीला डिझर्टेशनसाठी मी भूजल घेतलं, रेझिस्टिव्हिटी सर्व्हे, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजून खाली काय आहे ते ओळखायचं. जमिनीत चार इलेक्ट्रोड ठोकायचे, बाहेरच्या दोनांतून करंट सोडायचा, आतल्या दोनांत व्होल्टेज मोजायचं, बाहेरचे लांब लांब नेत जायचे तसतसं खोलवरचं कळत जातं. जांभ्याच्या सड्यावर एप्रिलमध्ये इलेक्ट्रोड आत जातच नाही, पहारीने भोक पाडायचं, कॅनमधलं मिठाचं पाणी ओतायचं, मग कुठे करंट जातो. ते सगळं मी मनापासून केलं, हाताला फोड आले. मग रीडिंग घरी आणून सॉफ्टवेअरमध्ये टाकली, त्याने तीन थर दाखवले: वर १२ मीटर कोरडा जांभा, मध्ये ४ मीटर चिकणमाती २० ओम-मीटरची, खाली कठीण खडक. एरर दोन टक्क्यांच्या आत, कर्व्ह अगदी ठिपक्यांवर बसलेला. मी खूश.

वाड्यावरचे एक काका बोअर मारणार होते. त्यांनी विचारलं केसिंग (भोक ढासळू नये म्हणून खडक लागेपर्यंत घालायचा पाइप) किती लागेल, मी सांगितलं १६ मीटर, म्हणजे रिगवाल्यांच्या भाषेत ५२-५३ फूट. त्यांनी तेवढंच मागवलं. बोअर सुरू झाला, ५३ फूट झाले तरी वर येतोय तो पांढरट-पिवळा चिखल, खडकाची पूड नाहीच. केसिंग मातीतच संपलं, खालून भोक ढासळायला लागलं. रिगवाला तोंडाने काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत होता. काका म्हणाले, "बाय, आणखी किती पाइप लागतील?" आणि मला उत्तर देता येईना. शेवटी खडक साधारण २० मीटरवर लागला, पण त्याला दुसरा दिवस उजाडला, जास्तीचे पाइप आले, रिगचा खर्च वाढला, आणि काकांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

चूक मशीनची नव्हती. सॉफ्टवेअरचीही नव्हती. माझ्या गाइड सरांनी मला शेजारी बसवलं आणि सांगितलं, मधल्या थराला ४ च्या जागी ८ मीटर टाक आणि २० च्या जागी ४० ओम-मीटर. मी टाकलं. कर्व्ह जवळजवळ होता तिथेच बसला! एरर तेवढाच. तेव्हा मला कळलं की वरखाली जास्त रेझिस्टिव्हिटीचे खडक असले आणि मध्ये कमी रेझिस्टिव्हिटीचा पातळ थर असला की तुमची रीडिंग त्या थराची जाडी वेगळी सांगतच नाहीत, जाडी भागिले रेझिस्टिव्हिटी एवढंच सांगतात. ४ भागिले २० म्हणजे ०.२, आणि ८ भागिले ४० पण ०.२. अशा कितीतरी जोड्या. सॉफ्टवेअर त्यातली एक उचलून तुमच्या हातात देतं आणि बाकीच्यांबद्दल गप्प राहतं. याला इक्विव्हॅलन्स म्हणतात, आमच्या सिलॅबसमध्ये होतं, मी परीक्षेत त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, शब्दन् शब्द बरोबर! पण समीकरण बघून "इथे दोन अनोळखी गोष्टी आहेत आणि माहिती एकच आहे" हे मला दिसलं नाही कारण समीकरण आलं की मी ते ओलांडून पुढच्या वाक्यावर जायचे. सवय बारावीपासूनची.

मला मॅथ्स म्हणून हे म्हणायचंय. इंटिग्रेशन पाठ असणं नव्हे, किती गोष्टी माहीत नाहीत आणि किती मोजल्यात हे ओळखणं. ते नसेल तर जिओफिजिक्सचं (न खोदता, मोजमापांवरून जमिनीखालचं ओळखायचं शास्त्र) प्रत्येक सुंदर रंगीत चित्र तुम्हाला खरं वाटेल. ग्रॅव्हिटीचंही तसंच, उंचीमागे दर मीटरला ०.३०८६ मिलिगॅल (गुरुत्वाकर्षण मोजायचं एकक) फरक पडतो, स्टेशनची उंची तीन मीटर चुकली तर जवळपास एक मिलिगॅल गेला, आणि तुम्ही जे धातुक ग्रॅव्हिटीने शोधताय त्याचा इशारा कदाचित तेवढाच असेल.

उपाय साधा होता आणि तो मी आता प्रत्येक साइटवर करते. आधी जवळची विहीर शोधायची, टेप खाली सोडून जांभा कुठे संपतो, माती किती, ते मोजायचं, मग त्या विहिरीपाशीच पहिलं साउंडिंग (तेच चार इलेक्ट्रोडचं मोजमाप) घ्यायचं. जाडी माहीत आहे म्हटल्यावर मातीची रेझिस्टिव्हिटी निघते, आणि ती धरून पुढच्या जागांचे आकडे काढायचे. त्या काकांच्या घरापासून थोड्या अंतरावर जुनी बांधलेली विहीर होती, वरचा भाग बांधलेला पण खाली माती उघडी. मी तिच्यावरून रोज जात होते.

आता दरवाजांबद्दल, हे नीट वाचा. जिऑलॉजी आणि जिओफिजिक्स हे आपण एका दमात बोलतो पण नोकरीच्या जाहिरातीत ते वेगळे आहेत. यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेत जिऑलॉजिस्टच्या पदाला जिऑलॉजीची मास्टर्स चालते, जिओफिजिसिस्टच्या पदाला फिजिक्स, अप्लाइड फिजिक्स किंवा जिओफिजिक्सची मास्टर्स लागते. म्हणजे ज्याने हातोडी कधी धरली नाही असा एमएस्सी फिजिक्सचा मुलगा तिथे बसू शकतो आणि रेझिस्टिव्हिटीत डिझर्टेशन केलेली मी नाही. मी फॉर्म भरताना हे पहिल्यांदा वाचलं. भूजलाकडे जायचं असेल तर त्याच परीक्षेत हायड्रोजिऑलॉजिस्टची पदं असतात, तिथे आपण बसतो. गेट या प्रवेशपरीक्षेचा जीजी (जिऑलॉजी-जिओफिजिक्स) पेपर एकच असला तरी आत एक समान भाग आणि मग जिऑलॉजी की जिओफिजिक्स ते निवडावं लागतं. आयआयटीत मास्टर्सला जॅम या प्रवेशपरीक्षेतून जाताना बीएस्सीला कोणते विषय किती वर्षं होते हे प्रत्येक कोर्स वेगळं विचारतो. हे नियम बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः उघडा, ताईने सांगितलं म्हणून फॉर्म भरू नका, मी सांगितलं म्हणूनही नको.

तेव्हा बारावीला असाल तर मॅथ्स सोडू नका, कितीही कंटाळा आला तरी. बीएस्सीला जिऑलॉजी मेजर असेल तर मायनर म्हणून फिजिक्स किंवा मॅथ्स घ्या, सोपा विषय घेऊन सीजीपीए वाढवायच्या मागे लागू नका. आणि सोडून बसला असाल तर घाबरू नका, खरंच. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या बोर्डातून बारावीचा एकच विषय देता येतो, माझ्या ज्युनिअरने मॅथ्स तसंच काढलं. मी स्वतः पंचविसाव्या वर्षी लॉगरिदमपासून सुरू केलं, बाजूच्या घरातला अकरावीचा मुलगा मला शिकवायचा, मी त्याला जिऑलॉजी. लॉग, त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह, व्हेक्टर, मॅट्रिक्स, एवढं पक्कं झालं की बाकी कामाच्या ओघात येतं. फूरिए ट्रान्सफॉर्मला मी रडले आहे, पण तोही येतो.

शॉर्टकटबद्दल माझी मतं कडक आहेत. सीनिअरचा फील्ड रिपोर्ट उतरवणारी मुलं मला ओळखू येतात कारण त्यांची वही कोरडी असते. वहीवर घामाचे डाग, ओढ्याचा चिखल, खोडलेली स्केच हवीत, आणि लिहायचं ते तिथेच उभं राहून, रात्री लॉजवर आठवून नव्हे. झेरॉक्स नोट्सवर बीएस्सी निघते, यूपीएससीचे वर्णनात्मक पेपर निघत नाहीत.

आणि गाइड निवडताना किती पेपर छापलेत ते बघून भुलू नका. तो तुमच्याबरोबर उन्हात येतो का, तुमची कच्ची रीडिंग मागतो का, हे विचारा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना. माझ्या सरांनी बोअर फसल्यावर मला ओरडून घालवलं असतं तर मी तिथेच विषय सोडला असता, त्यांनी खुर्ची ओढून शेजारी बसवलं. दुसऱ्या एका ठिकाणी मी इंटर्नशिप केली तिथे दोन महिने फक्त एक्सेल भरलं आणि सर्टिफिकेट मिळालं, ते सर्टिफिकेट मला कुठेच उपयोगी पडलं नाही.

मुलींसाठी एक, फील्डला जाताना संडासाची सोय कुठे आहे हे आदल्या दिवशी विचारायला लाजू नका, लाजून पाणी न पिता मे महिन्यात सड्यावर चक्कर येऊन पडलेली मैत्रीण मी बघितली आहे. वाड्यावर कोणत्याही घरात जाऊन विचारा, आपल्याकडे नाही म्हणत नाहीत, वर कोकम सरबत देतात.

ज्यांचं मॅथ्स सुटलंय आणि सुरुवात कुठून करायची कळत नाही त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून लॉग-लॉग पेपरचे दोन कागद आणा. १, १०, १०० हे आकडे त्यावर समान अंतरावर का येतात ते स्वतःला समजेपर्यंत बसा, मग २ आणि २० कुठे येतील ते न बघता खूण करा. अडलात तर कळवा, मी संध्याकाळी सात नंतर घरी असते.