ओलाव्याचा सेन्सर पुरताना
वाशी-नेरूळकडच्या सोसायट्यांच्या बागांत बऱ्याच ठिकाणी वर लाल मातीचा थर आणि खाली भरावाचा मुरूम असतो. त्यामुळे मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर वरवर खोचून भागत नाही. हिरवळीत 10 ते 15 सेंटीमीटर, झाडाजवळ 30 सेंटीमीटर खोल पुरा. भोवतीची माती बोटांनी घट्ट दाबा. फट राहिली की आत हवा शिरते आणि चिंब मातीतही आकडा कोरडा दिसतो. घ्यायचा तर कपॅसिटिव्हच (ज्यात धातू मातीला उघडा लागत नाही असा) घ्या, उघड्या धातूच्या दांड्यांचे स्वस्तातले लवकर गंजतात. पुरण्याआधी त्याच बागेतली माती एकदा खडखडीत वाळवून, एकदा भरपूर भिजवून सेन्सरने दाखवलेले दोन्ही आकडे माळीदादांना लिहून द्या. खाडीलगतच्या खारट मातीत ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, तिथे खुरप्याने उकरून हातानेच खात्री करा.